पुठ्ठ्याचा मदरबोर्ड

नानांच्या कानावर जाईल अशा बेताने 'मदरबोर्ड घ्यायचाय' असं कधी बोलू नये. मी बोललो. २०१३ साल, सोसायटीचा जिना, हातात दुधाची पिशवी. घरी पोचलो तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती.

नानांना स्वतःसाठी होम थिएटरचा कॉम्प्युटर जोडायचाय. २०११ पासून. टीव्हीखालच्या कपाटात मावेल आणि अजिबात आवाज करणार नाही, असा. त्यासाठी त्यांनी काकूंच्या पैठणीच्या खोक्यातून सतरा बाय सतरा सेंटिमीटरचा चौकोन कापला. मिनी-आयटीएक्स बोर्डाचं माप. त्यावर बॉलपेनने एचडीएमआय, लॅन, ऑप्टिकल अशी सगळी भोकं काढली. हा पुठ्ठा शबनममधून तपकीर गल्लीत जाऊन येतो. दुकानदार वायर दाखवतो, नाना पुठ्ठा दाखवतात. "हिथं लागली पाहिजे."

२०११ मध्येच पुठ्ठाही तयार होता, पाकिटात पैसेही. तेवढ्यात जानेवारीअखेरीस बातमी आली: नव्या चिपसेटमध्ये दोष, हार्डडिस्कची काही पोर्टं हळूहळू कामातून जाणार, कंपनी माल परत घेतेय. नानांना इतकं खूश मी मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "बघ! घाई केली असती तर?"

तेव्हापासून ते थांबलेत. २०१३ मध्ये सॉकेट ११५५ चं ११५० झालं, २०१५ मध्ये ११५१. पुठ्ठ्यावर खाडाखोड. मग फोर-के आलं. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-केची सेकंदाला तीसच चित्रं, २.० वर साठ. नानांनी पुठ्ठ्यावर कागद डकवून नवं भोक काढलं.

"अहो नाना, पण सिनेमा मुळात चोवीसच चित्रांचा असतो."

"आणि माउसचा बाण?"

यावर काय बोलणार? २०२० मध्ये सॉकेट १२००, पुढच्याच वर्षी १७००. कागदावर कागद चढून पुठ्ठा आता थालीपिठाएवढा जाड झालाय. काकूंनी एकदा त्यावर वरणाचं गरम पातेलं ठेवलं. नानांनी पातेलं उचललं, पुठ्ठ्याला खालून हात लावून पाहिला आणि म्हणाले, "पंख्याशिवाय चालेल."

माझा बोर्ड मात्र याच गृहस्थांनी त्या जिन्यात ठरवला. त्यातली दहा मिनिटं माझ्या बोर्डाची, उरलेली त्यांच्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, आय-थ्री पुरे, ऑप्टिकल हवंच, कॅबिनेटमागे मूठ जाईल एवढी जागा सोड. इतक्या वर्षांत त्या खोक्याने हूं की चूं केलेलं नाही. हे त्यांच्या तोंडावर मी कधी बोललेलो नाही. बोललो तर आणखी एक चहा बुडायचा.

रविवारी दोघं आमच्याकडे सिनेमाला येतात. 'कट्यार काळजात घुसली' लावला तेव्हा नाना पूर्ण वेळ टीव्हीकडे पाठ करून, कपाटाला कान लावून बसले होते. एवढ्या ताना चाललेल्या आणि हे पंखा ऐकतायत!

परवा मी सिनेमांची यादी उघडली. काकू म्हणाल्या, "हा नको. तोही नको."

"का हो?"

"आमचा झाला की घरी बघायचे म्हणून ठेवलेत."

"किती ठेवलेत असे?"

काकूंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसरा घेतला. नाना कपाटापाशी वाकलेलेच होते. कॅबिनेटवरचा हात त्यांनी काढला नाही.

"गार आहे," ते म्हणाले.