नववी ब आणि कोलटकर

पोर्शन संपला की बाकीचे शिक्षक जुने पेपर सोडवून घेतात. आमचे इंग्रजीचे सर पिशवीतून कोलटकर काढतात. पुस्तक ‘जेजुरी’, शाळा जेजुरीच्या पंचक्रोशीतली, वर्ग नववी ब. मी शेजारच्या वर्गात गणित घेतो. भिंत पातळ आहे, त्यामुळे माझंही वाचन वाढलं.

कोलटकर कोल्हापूरचे, मराठीतले मोठे कवी. पण या कविता त्यांनी इंग्रजीत लिहिल्या. पुस्तक १९७६ चं, पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार. हे सर अशा थाटात सांगतात, जणू कोलटकर त्यांचे सख्खे मावसभाऊ. गंमत म्हणजे सर सासवडहून एसटीने येतात आणि गड कधी चढलेले नाहीत. गुडघे! त्यांची सगळी जेजुरी पुस्तकातली.

नववी ब चं इंग्रजी सगळं गाईडातलं. कविता कुठलीही असो, उत्तर ठरलेलं: ‘द थीम ऑफ द पोएम इज नेचर.’ यात्रेकरूची बाही धरून पन्नास पैसे मागणाऱ्या म्हातारीची कविता झाली, तरी पहिल्या बाकावरून नेचरच आलं.

सरांनी डस्टर आपटला. “गाईड बंद! कवीचं काय चुकलं ते सांगा.”

मग मात्र वर्गाला कंठ फुटला.

“सर, फिफ्टी पैसा नोबडी टेक. मिनिमम टेन रुपीज.”

“सर, पोएट वेंट कडेपठार ऑर नॉट?”

यावर सर खिडकीबाहेर बघू लागले. वाद चालू असताना क्रियापदाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. ‘टेक’चं ‘टेक्स’ तास संपताना, हळूच फळ्यावर. मला हे फार पटतं. गणितात आम्हाला ही सवलत नाही.

खरी ठिणगी यशवंतरावावरून पडली. कवीने त्याला दुय्यम दर्जाचा देव म्हटलंय हे कळताच मागच्या बाकावरचं एक पोरगं उभं राहिलं. वर्षभरात ‘प्रेझेंट सर’पलीकडे त्याने इंग्रजीत तोंड उघडलं नव्हतं.

“माय फादर लेग ब्रेक. यशवंतराव ओके केला. हाऊ सेकंड क्लास? यू टेल पोएट, सर.”

“अरे, कवीलाही तोच देव आवडलाय, पुढे वाच! आणि सांगू कुणाला? ही इज नो मोर. २००४ ला गेले.”

“देन यू करेक्ट द बुक.”

घटक चाचणीत सरांनी पाच मार्कांना प्रश्न घातला: कवी पुन्हा आला, तर त्याला जेजुरी कशी दाखवाल? नववी ब ने पुरवण्या मागितल्या. इंग्रजीच्या पेपरला पुरवण्या! मुख्याध्यापकांना कॉपीचा दाट संशय आला. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, “हे कुठल्या गाईडातलं?”