बिनभांडवली सावकार

दुसऱ्याजवळ पैसे मागण्याची विद्या आपल्या प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या खालमानेने शिकली आणि शिकविली गेली. सावकाराच्या ओट्यावर चढताना जोडे कोणत्या पायरीवर काढावेत, पाऊसपाण्याची चौकशी किती वेळ लांबवावी आणि प्रत्यक्ष रकमेचा उच्चार करताना दृष्टी कोणत्या खांबावर स्थिर करावी, याचे अलिखित शास्त्र घराण्याघराण्यांतून चालत आलेले होते. पुढे १८८४ च्या कायद्याने सरकारी तगाईस नियमांची चौकट मिळाली, तेव्हा ओट्याची जागा कचेरीच्या जाळीने घेतली. खालची मान मात्र तशीच राहिली. तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविल्यामुळे अशा असंख्य दरखास्ती माझ्या नजरेखालून गेल्या आहेत, आणि मराठीत विनयाचे वाङ्मय शोधावयाचे झाल्यास संतांच्या अभंगांपाठोपाठ ते कर्जाच्या अर्जांतच सापडेल, असे माझे अनुभवसिद्ध मत आहे.

अलीकडे या विद्येचे सर्व नियम पालटले आहेत. आता मागणाऱ्याने ताठ उभे राहावयाचे, देणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवावयाचा, आणि 'आपल्यासारख्यास माझ्या धंद्यात पैसे घालण्याची संधी मिळते आहे हे आपले भाग्य' अशा आशयाचे भाषण घड्याळ लावून करावयाचे. यास 'पिच' म्हणतात. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्टार्टअप इंडियाची मोहीम सुरू केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवर धनिकांपुढे पिच करण्याचे 'शार्क टँक इंडिया' अवतरले, तेव्हापासून ही वक्तृत्वकला गावोगावच्या ओसऱ्यांपर्यंत येऊन पोचली. मालेगाव तालुक्यातील कमलेश घुमरे या तरुणाने, शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणीचा पंप उतरावा म्हणून घरी बनविलेली गाडी पहिल्याच पर्वात तेथे नेली, आणि चष्म्यांच्या व्यापारातले पीयूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्श्याच्या मोबदल्यात १० लाख रुपये व त्याशिवाय २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. बिनव्याजी हा शब्द ऐकून आमच्या घरातील वडीलधारी मंडळी सद्गदित झाली. माझ्या पुतण्याने मात्र त्यातून निराळाच बोध घेतला.

आमची आष्टी वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात आहे. पलीकडे वर्धा नदी आणि नदीपार मोर्शी. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीच्या दिवशी, येथील पोलीस ठाण्यावर लोकांचा मोर्चा गेला, गोळीबारात माणसे धारातीर्थी पडली, आणि गावाच्या नावास 'शहीद' हे उपपद लागले. अशा गावाला जोखीम कशाशी खातात हे शिकविण्याचे वास्तविक कारण नाही. परंतु पुतण्या कृषी शाखेचा पदवीधर असल्यामुळे त्यास प्रत्येक गोष्ट शिकूनच करावयाची असते. संत्र्याचा व्यापारी बाग तोडताना जी बारीक फळे बाजूस टाकतो, त्यांचा रस काढून बाटल्यांत भरून विकावयाचा, अशी त्याची योजना. आणि खऱ्या धनिकापुढे उभे राहण्यापूर्वी सराव व्हावा म्हणून त्याने मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास धनिकाचे सोंग घ्यावयास सांगितले. "मोठेबाबा, तुमी फक्त बसा. साक्षीदार पायजे," एवढ्या बोलावर माझी त्या दरबारात नेमणूक झाली.

यंत्राने मुंबईच्या कोट्यधीशाची वस्त्रे परिधान केली आणि पुतण्याचे भाषण संपताक्षणी त्याच्यावर स्तुतिसुमनांचा असा काही वर्षाव केला की, लग्नात वधूपिताही वराचे इतके कौतुक करीत नाही. मला संशय आला. मी पुतण्यास म्हटले, "त्याले सांग, वैशाखातलं आष्टीचं ऊन पाकिटात बंद करून कश्मीरले विकाचं हाये." त्याने तसे सांगितले. यंत्राने ही कल्पना अत्यंत नावीन्यपूर्ण ठरविली, पर्यावरणपूरकतेबद्दल आमचे अभिनंदन केले, आणि पाकिटाच्या रंगाविषयी तेवढा अधिक विचार करावा असे सुचविले.

ही खोड त्या एकट्या यंत्राची नव्हे, जातीची आहे. ही यंत्रे अफाट मजकूर वाचून पुढचा शब्द कोणता यावा याचा अदमास बांधावयास शिकतात, आणि नंतर कोणते उत्तर माणसांस आवडले याच्या नोंदींवरून त्यांना वळण लावले जाते. आणि माणसास काय आवडते हे दरबारी भाटांस यंत्रांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीस चॅटजीपीटीची एक सुधारलेली आवृत्ती, ती प्रमाणाबाहेर खुशामत करू लागली म्हणून, थोड्याच दिवसांत मागे घ्यावी लागली. खुशामतीबद्दल नोकरीवरून कमी झाल्याचे उदाहरण माझ्या सबंध सरकारी चाकरीत मी पाहिले नव्हते.

तेव्हा पुतण्याने हुकूम केला की, यापुढे कठोर व्हावे. यंत्र तत्काळ कठोर झाले. कठोर होण्यास परवानगी दिल्याबद्दल त्याने आभारही मानले. मग प्रश्नांची सरबत्ती सुटली. एक गिऱ्हाईक मिळविण्यास खर्च किती? दहा लाख घरांपर्यंत माल किती वर्षांत पोचणार? पाच वर्षांनी धंद्यातून अंग काढून घेण्याची योजना काय? या शेवटच्या प्रश्नाने मी विशेष अंतर्मुख झालो, कारण आमच्या भागात शेतीधंद्यात शिरणे वारसाहक्काने होते, आणि त्यातून अंग काढून घेण्याची योजना सरकारने कर्जमाफीच्या रूपाने अधूनमधून काढलीच तर शेतकऱ्याचे अंग तसेच राहून फक्त कर्ज निघते.

मी सुचविले की, मुंबईचा कोट्यधीश राहू दे, त्यास वरुडचा संत्रा व्यापारी होण्यास सांग. यंत्र झाले. "नमस्कार. आपल्या उद्यमशीलतेचे मी मनःपूर्वक स्वागत करतो," असे तो वरुडचा व्यापारी शुद्ध सदाशिवपेठी उच्चारांत वदला. आजवर कोणत्याही संत्रा व्यापाऱ्याने कोणाच्याही उद्यमशीलतेचे स्वागत केल्याचा दाखला नाही. तो बागेत येतो, रामराम घालण्यापूर्वी एक फळ तोडतो, सोलतो, एक फोड तोंडात टाकतो, बी थुंकतो आणि आभाळाकडे पाहून म्हणतो, "माल फोपसा हाये." संभाषणास आरंभ होण्यापूर्वी भाव पडलेला असतो. त्या एका वाक्यामागे आंबिया बहराची फळगळ, मृग बहराचे लांबलेले पाणी, बांगलादेशाने चढवीत नेलेले आयातशुल्क आणि ट्रकचे भाडे इतके सारे उभे असते. यंत्रास यातील प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र निबंध लिहिता येतो. थुंकता तेवढे येत नाही.

तथापि न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, पुढे यंत्राने एक प्रश्न असा विचारला की माझा त्याच्याविषयीचा आदर दुणावला. नागपुरी संत्र्याचा रस काढताक्षणी गोड लागतो आणि ठेवला की काही वेळाने कडू होतो. फोडींच्या पापुद्र्यांत व बियांत असलेले एक चवहीन द्रव्य रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नामक कडू पदार्थात पालटते, आणि रस तापविला तर ही क्रिया अधिकच त्वरेने होते. ताजा रस गाड्यावर खपतो पण बाटलीत रुसतो, तो यामुळे. "या कडवटपणावर तुमचा उपाय काय?" असे यंत्राने विचारले. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाक्य पुतण्याच्या भाषणात दोनदा होते. परंतु मानांकनाने कडवटपणा जात नाही, आणि पुतण्या निरुत्तर झाला. खरा धनिक येथे पानाचा डबा मिटून उठला असता. यंत्राने मात्र पुतण्याच्या प्रामाणिक मौनाची वाखाणणी केली, आणि १० टक्के हिश्श्याच्या बदल्यात ५० लाख रुपये देऊ केले. जवळ दिडकी नसताना इतके औदार्य दाखविणारा सावकार मी प्रथमच पाहत होतो.

यानंतर पुतण्या प्रत्यक्ष बँकेत गेला. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये पंतप्रधानांच्या नावाची योजना निघाली होती, तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले होते. उरलेल्यासाठी बँकेचे कर्ज. पाच मिनिटांचे, दोन मिनिटांचे आणि घाईचा प्रसंग आलाच तर अर्ध्या मिनिटाचे, अशी तिन्ही भाषणे त्याने मुखोद्गत केली होती. त्यांपैकी 'नमस्कार' एवढाच भाग उपयोगास आला. व्यवस्थापकांनी मान वर न करता विचारले, "सातबारा कोणाच्या नावानं हाये?" तो अद्याप आजोबांच्या नावाने होता, आणि आजोबांनी इहलोकीच्या सर्व फेरफारांतून केव्हाच मुक्ती मिळविली होती. "जुन्या पीककर्जाचा बोजा उतरला काय? जामीनदार कोण?" संत्रे, रस, लिमोनिन, दहा लाख घरे यांपैकी एका अक्षराची चौकशी झाली नाही. यंत्रापुढे झालेला सर्व सराव त्या तीन प्रश्नांच्या बाहेरूनच निघून गेला.

पुतण्या संतापला, मला मात्र त्या व्यवस्थापकांविषयी सहानुभूती वाटली. कर्ज थकले तर वसुलीचा जाब त्यांस द्यावयाचा, बदलीच्या गावी ते खाते त्यांच्या मागोमाग जावयाचे. अशा मनुष्याच्या कानांत वक्तृत्वास जागा राहत नाही. उलट यंत्राचे काय जाते? १९६६ मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने एलिझा नावाचा एक साधा कार्यक्रम रचला. समोरच्याचेच शब्द फिरवून त्यास परत विचारणे एवढेच त्यास येत होते, तरीही प्राध्यापकाच्या चिटणीस बाईंनी त्याच्याशी बोलताना प्राध्यापकांसच खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. मनुष्यास आपले बोलणे पूर्ण ऐकून घेणारा कोणीतरी हवा असतो, आणि ज्याचे काही बुडावयाचे नाही तोच इतक्या स्वस्थपणे ऐकू शकतो. आष्टीत पुतण्याचे एक वाक्य शेवटपर्यंत ऐकणारा जीव नाही. बाप कापसाच्या भावावर जातो, आई लग्नावर जाते, मित्र मोबाइलवर जातात. त्या यंत्राने त्याचे संपूर्ण भाषण ऐकले, आणि त्या एका गुणासाठी मी त्याने ऊन विकण्याच्या कल्पनेचे केलेले कौतुकही क्षमेस पात्र मानतो. मात्र ऐकून घेण्याचे धैर्य आणि गाठीचे पैसे घालण्याचे धैर्य ही दोन्ही एका ठायी क्वचितच नांदतात.

आमच्या जिल्ह्यात ती एकदा नांदली होती. १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांनी गांधीजींजवळ, आपणास त्यांचा पाचवा पुत्र मानावे, असे मागणे मागितले. म्हणजे धनिकानेच अर्जदारापुढे अर्ज गुदरला. पुढे १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्यांनी वर्ध्यातील आपली बाग देऊन टाकली, तीच मगनवाडी. अर्जदाराजवळ नफ्याचा हिशेब नव्हता, अंग काढून घेण्याची योजना नव्हती, आणि भांडवल घालणाऱ्याने शिवाय स्वतः सूतही कातावे अशी अट होती. पुतण्याने कुतूहलाने ही सर्व योजना नावे गाळून यंत्रापुढे मांडली. कठोर झालेल्या यंत्राने उत्पन्नाचा मार्ग अस्पष्ट असल्याचे कारण देऊन ती फेटाळली.

ऐकून घेणारा आणि पैसे घालणारा एका ठायी क्वचितच सापडतो, असा तात्त्विक निष्कर्ष काढून मी समाधानाने पडणार, तोच पुतण्या जवळ येऊन बसला. जोडे त्याने योग्य पायरीवर काढले होते, पावसाची चौकशी पुरेशी लांबविली, आणि ओसरीच्या दुसऱ्या खांबाकडे पाहत म्हणाला, "मोठेबाबा, तुमच्या पेन्शनीतून पन्नास हजार टाकता काय?" त्याने भाषणास आरंभ केला, दुसऱ्या वाक्याशीच मी त्यास थांबविले. बाटल्या कोठून आणणार, उधारी कोण वसूल करणार, कडू झालेला माल परत आला तर तो कोणाच्या अंगावर, तुझा सासरा जामीन राहील काय, असे एकाहून एक तीक्ष्ण प्रश्न मला आपोआप सुचत गेले; इतके दिवस त्या दरबारात साक्षीदार म्हणून बसलो असता त्यांपैकी एकही सुचला नव्हता. पुतण्या प्रसन्न मुद्रेने म्हणाला, "आता कुठं खरा इन्व्हेस्टर भेटला!" मी त्यास करारनामा मुद्रांकावर करावा लागेल असे बजावले आहे. १०० रुपयांचा मुद्रांक शासनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ५०० वर नेला. तो खर्च भांडवलात धरावयाचा की अर्जदाराने सोसावयाचा, या मुद्द्यावर वाटाघाट तूर्त तहकूब आहे.