नानखटाईचा घोडा

आमच्या दाजींना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला त्या आठवड्यापासून त्यांची चाल बदलली. उजवा हात कमरेपासून वीतभर लांब ठेवून ते चालू लागले. रिव्हॉल्व्हर अजून घरी आलेलं नव्हतं, पैसेही भरायचे होते. पण हाताने आधीच जागा धरून ठेवली होती.

दाजींचा कराडजवळ हायवेला पेट्रोल पंप आहे. दिवसाची रोकड रात्री घरी न्यायची आणि सकाळी बँकेत भरायची, त्यात जिवाला धोका, असं कारण त्यांनी अर्जात लिहिलं होतं. कारण शंभर टक्के खरं होतं. पण अर्ज ठाण्यातून जिल्ह्याला गेला, जिल्ह्यातून चौकशीसाठी परत ठाण्यात आला, एका टेबलावर निजला, दुसऱ्या टेबलावर जागा झाला. मधल्या काळात नोटाबंदी झाली, करोना येऊन गेला आणि पंपावर क्यूआर कोडचं स्टिकर लागलं. परवाना हातात पडला तेव्हा बहुतेक पैसा गिऱ्हाइकाच्या फोनातून थेट बँकेत जात होता. आता दाजींना लुटायचं तर दरोडेखोराला आधी ओटीपी विचारावा लागला असता.

तरी दाजींचा उत्साह कमी झाला नाही. डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात सुरक्षित कपाट असल्याचं हमीपत्र अशी फाईल त्यांनी मुलीच्या लग्नात केली नव्हती इतक्या निगुतीनं केली. परवाना आता पाच वर्षांचा असतो, २०१९ च्या कायदादुरुस्तीआधी तीनच वर्षांचा असायचा, हे ते भेटेल त्याला सांगत. त्याच दुरुस्तीनं माणशी शस्त्रं तीनावरून दोनावर आणली, हे मात्र ते हळहळून सांगत. जणू तिसरं घ्यायचं ठरलंच होतं.

किंमत लाखाच्या घरात. अक्का म्हणाली, "तेवढ्यात माझ्या पाटल्या झाल्या असत्या." यावर दाजींनी तिला २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून काढलेल्या 'निर्भीक'ची माहिती दिली. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि दागिन्यांसारख्या पेटीत मिळायचं. अक्कानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पेटी चालंल."

वस्तू घरी आली तेव्हा मी पुण्याहून मुद्दाम गेलो. पेढे होते. दाजींनी रिव्हॉल्व्हर उघडून चक्रीची सहाही घरं रिकामी असल्याचं मला दाखवलं, मग स्वतः पाहिलं, मग पुन्हा मला दाखवलं. "पाव्हणं, मोकळं हाय, धरा बिनघोर. पर बोट चापावर ठिवायचं न्हाय आन् नळी माणसाकडं करायची न्हाय." प्रशिक्षणातलं हे वाक्य त्यांच्या अंगात इतकं भिनलंय की हल्ली ते टीव्हीचा रिमोटसुद्धा कुणाकडे रोखत नाहीत. पॉइंट ३२ बोअरचं, सहा गोळ्यांचं, जड आणि थंडगार. घराणं जुन्या इंग्रजी वेब्लीचं. काडतुसाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं. म्हणजे आमच्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. पुण्याचा माणूस म्हणून मला तेवढाच अभिमान वाटून घेता आला.

सगळं असं आनंदात चाललं असताना ह्यूस्टनहून भाच्याचा फोन आला.

हा दाजींचा थोरला. ग्रीन कार्ड हातात पडल्यावर त्यानंही तिकडे एक पिस्तूल घेतलं होतं. तिथलं घेणं म्हणजे दुकानात जायचं, एक फॉर्म भरायचा, दुकानदार तुमची माहिती सरकारी यंत्रणेकडून तपासून घेतो, आणि सगळं ठीक निघालं तर माणूस जेवणाच्या सुट्टीत पिस्तूलधारी होऊन कचेरीत परततो. त्याचं पिस्तूल '१९११' जातीचं, जॉन ब्राउनिंगच्या जुन्या आराखड्याचं. अमेरिकी लष्करानं ते घेण्याआधी त्यातून ६,००० गोळ्या उडवून पाहिल्या होत्या. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. एकदाही अडलं नाही, अशी त्याची ख्याती. पण भाच्याची झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणानं. त्यानं वडिलांचं अभिनंदन केलं आणि विचारलं, "आप्पा, तुमच्यात एमआयएम पार्ट्स आहेत का?"

दाजींचा चेहरा पडला. असलेल्या वस्तूत काहीतरी नको ते असू शकतं, ही शंका त्यांना तोवर शिवली नव्हती.

एमआयएम म्हणजे मेटल इंजेक्शन मोल्डिंग. पोलादाच्या एका ठोकळ्यातून चाप किंवा घोडा कोरून काढायचा, तर त्याला वेळ आणि पैसा लागतो. त्यापेक्षा धातूची अतिबारीक भुकटी करायची, मेण-प्लास्टिकात कालवायची, साच्यात दाबायची, मग ते मेण काढून टाकून भट्टीत इतकं तापवायचं की कण एकमेकांना धरून बसतात. भट्टीतून निघेपर्यंत भाग जवळजवळ एक पंचमांश आकसतो, आणि तो हिशेब साच्यातच धरलेला असतो. अमेरिकेतल्या नामांकित कंपन्या नव्वदच्या दशकापासून असे भाग वापरतात. मोटारीच्या इंजिनात हे भाग असतात, दात सरळ करणाऱ्या तारांच्या त्या चिमुकल्या चौकटींतही असतात. नीट केले तर ते टिकतात. भट्टीत कसर राहिली तर आत पोकळी राहते आणि कधीतरी तुकडा पडतो. तिकडच्या जुन्या शौकिनांचा मात्र यावर असा राग की घडीव घोडा आणि भुकटीचा घोडा एका पंगतीला बसवायला ते तयार नाहीत.

एवढं सगळं भाच्यानं सांगितल्यावर दाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे पीठ मळायचं, साच्यात घालायचं आन् भट्टीत भाजायचं? आरं, ही तर नानखटाई झाली!"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन दुकानदाराकडे गेले. दुकान भरलेलं होतं. दाजींनी काउंटरवर वाकून, पण चांगल्या खणखणीत आवाजात विचारलं, "ह्यात एमआयएम हाय का?" दुकानदारानं इकडंतिकडं पाहिलं आणि हात जोडले. "साहेब, दुकानात पक्षाचं राजकारण नको." मग अर्थ समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. सगळं ऐकून तो म्हणाला की आपल्या धंद्यात इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. लोक फक्त विचारतात, कमरेला दिसतं का.

यानंतर दाजींनी तपासणी सुरू केली. रात्री जेवणं झाली की रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा घोडा सावकाश मागे ओढायचा आणि चक्री जागेवर नीट अडकते का ते कानानं ऐकायचं. टक. पुढचं घर. टक. आतल्या खोलीतून अक्का म्हणायची, "मोडंपर्यंत तपासा." मग तेल. आधी बंदुकीचं तेल, ते संपल्यावर शिलाई मशीनचं. जास्तीचं तेल झिरपून काडतुसाच्या बुडातल्या टोपीत गेलं तर बार फुसका जाऊ शकतो, हे त्यांना प्रशिक्षणात सांगितलेलं होतं. पण माया आंधळी असते. मला विचाराल तर त्या रिव्हॉल्व्हरच्या कुठल्याही भागाला खरा धोका दाजींच्या लाडाचाच होता.

खंडेनवमीला तर पेच पडला. कोयते, विळे, ट्रॅक्टरचा पाना यांच्या ओळीत रिव्हॉल्व्हर मांडलं. अक्का हळद-कुंकवाची चिमूट घेऊन पुढे झाली आणि दाजी ओरडले, "नळीत नको! चक्रीत नको! घोड्याला तर अजाबात नको!" शेवटी कुंकू खोक्याला लागलं. अक्षताही खोक्यालाच. रिव्हॉल्व्हरला नुसता लांबून नमस्कार.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करण्याचा हुकूम आला. २०२४ साली ते लोकसभेलाही जमा होतं. पावती खिशात घालून दाजी अधूनमधून ठाण्यावर सहज म्हणून जात आणि कपाटात ओल तर येत नाही ना, हे आडून आडून विचारत. संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूचं त्या काळात खुद्द पोलीस संरक्षण करत होते आणि दाजी बिनशस्त्र, निवांत झोपत होते. अक्काच्या मते ते महिने घराला फार चांगले गेले.

शस्त्र परत आलं आणि भाच्यानं फोनवर निर्वाणीचं सांगितलं, "आप्पा, भरवसा हवा तर उडवून बघा." हे टेक्सासमध्ये बोलायला ठीक आहे. दाजींच्या परवान्यावर वर्षाला ५० काडतुसं लिहिलेली. त्या १९११ सारखी ६,००० गोळ्यांची परीक्षा घ्यायची म्हटली तर निकाल १२० वर्षांनी लागेल. तरी ओळखीनं एका रेंजवर परवानगी मिळाली. तिथले निवृत्त सुभेदारसाहेब दाजींना पाहताच म्हणाले, "पॉइंट ३२ला हसू नका हं. पंचवीस मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेत जगातले नेमबाज हेच काडतूस वापरतात." दाजी हसले नव्हते. ते घामानं भिजले होते.

सुभेदारसाहेबांनी रिव्हॉल्व्हर खोलून, फिरवून, उजेडात धरून पाहिलं. दाजींनी एमआयएमचा विषय काढला. ते म्हणाले, "घोडा कसा बनवला ते सोडा. एखादा बार उडाला नाही तर नळी समोरच धरून तीस सेकंद थांबायचं. हे रेंजवर. रिव्हॉल्व्हरचा गुण असा की वेळ आली तर पुन्हा चाप ओढायचा, चक्री पुढचं काडतूस आणते. चला, घ्या."

सहा गोळ्या. सहाही उडाल्या. चाप, घोडा, स्प्रिंग, पिन, खडकीची टोपी, सगळं चोख. फक्त समोरचा कागद कोरा होता. सुभेदारसाहेब कागदाजवळ गेले, त्याच्या मागची मातीही पाहून आले आणि म्हणाले, "वेपन उत्तम आहे. तुम्ही चाप ओढताना डोळे मिटता."

परतीला गाडीत बसताना कमरेच्या कातडी म्यानाचं बटण तुटून रस्त्यावर पडलं. म्यान गावातल्याच एका दुकानातून दीडशे रुपयांना घेतलेलं. या साऱ्या प्रकरणात निकामी झालेला तो एकमेव भाग. दाजींनी तो उचलून खिशात घातला आणि कराड येईपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर त्यांच्याकडे चहा घेतल्याशिवाय येऊ नका. रिव्हॉल्व्हर ते आपणहून दाखवतील. बघा, वजनाची तारीफ करा, बोट चापापासून लांब ठेवा. नेम कसा आहे, असं मात्र विचारू नका. आणि बशीत नानखटाई आली तर मुकाट्यानं खा.