सर्क्लिपचा मान

गॅरेजात मोटारसायकलचं इंजिन उघडलं की रिकामटेकडे जमतात आणि पिस्टनवरची काजळी बघून मालकाच्या चारित्र्याबद्दल बोलू लागतात. पिस्टनची पिन दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी सर्क्लिप मात्र कुणाच्या खिजगणतीत नसते. तोंड उघडं असलेलं तारेचं एवढंसं कडं ते. पण थाट जावयाचा: जरा चिमटीत धरलं की जे उसळतं, ते शोधायला सगळं गॅरेज गुडघ्यांवर येतं.

म्हणून जाणता मिस्तरी आधी क्रँककेसचं तोंड फडक्यानं बुजवतो. क्लिप आत पडली तर वरवरचं काम सोडून अख्खं इंजिन खोलावं लागतं. कुणी तर पारदर्शक पिशवीत हात घालून क्लिप काढतात. त्यांना बघून हसू येतं. फरशीवर लोहचुंबक फिरवणाऱ्याला बघून येत नाही, कारण तेव्हा आपणही शेजारीच रांगत असतो.

बसवताना तर वास्तुशास्त्र न मानणाऱ्यालाही दिशा पाळावी लागते. क्लिपचं उघडं तोंड वर किंवा खाली हवं, आडवं नको. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली होतो; तोंड आडवं असलं तर त्या हिसक्यांनी क्लिपची टोकं एकमेकांकडे दाबली जातात आणि खाचेतली पकड ढिली होते. क्लिप निसटली की पिन सरकते आणि सिलिंडरची भिंत खरवडत बसते. पुढचं बिल मालक उभ्यानं वाचू शकत नाही.

खरा घोटाळा आपल्या काटकसरीत आहे. वाकलेला खिळा ठोकून सरळ करायचा, हा आपल्याकडचा संस्कार. त्याच संस्कारानं नट सुटू नये म्हणून टोकं वाकवून बसवलेली जुनी स्प्लिट पिन सरळ होते आणि जुनी सर्क्लिप ‘चांगली तर आहे’ म्हणून परत बसते. एकदा वाकून सरळ झालेली स्प्लिट पिन दुसऱ्यांदा वाकवताना तुटायलाच टेकलेली असते. इंजिनावर हजारो रुपये घालणारा माणूस नेमका इथं का अडतो, हे मला कळलेलं नाही.

तेव्हा मंडळी, या दोन्ही गोष्टी दर वेळी नव्या घ्या. आणि क्लिपचा विषय निघालाच आहे, तर गाडीच्या साखळीला चेनलॉक, म्हणजे दोन टोकं जोडणारी क्लिपची कडी, असेल तर आजच वाकून बघा: साखळी ज्या दिशेनं पळते, त्या दिशेला तिच्या क्लिपचं बंद टोक हवं.