प्रात्यक्षिकाची सोय तळमजल्यावर

मा. अध्यक्षसाहेब,


पुढच्या वर्षीपासून आपल्या कॉलेजात ‘अन्न सुरक्षा व गुणवत्ता’ या विषयाची पदवी सुरू होणार, असा फलक गेटवर लागला. अक्षरं छोटी, आपला फोटो मोठा. आनंद झाला. प्रयोगशाळेचं काय, असं प्राचार्यांना विचारलं तर म्हणाले, “जागा बघतोय.” साहेब, जागा कशाला बघता? तळमजल्यावर माझं कॅन्टीन आहे. प्रात्यक्षिकाची सगळी सोय तयार आहे. वरच्या मजल्यावर नुसती जर्नल्स भरून घ्या.

सूक्ष्मजीवशास्त्रापासून सुरुवात करू. आमचा फ्राइड राइस कालच्या भाताचा असतो, हे पोरांना ठाऊकच आहे. ठाऊक नसतं ते पुढचं. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की ते कढईच्या आचेलाही दाद देत नाही. अन्न ५ अंशांच्या खाली नाहीतर ६० अंशांच्या वर ठेवा, असं पुस्तक सांगतं. आमच्या फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्या असतात, भाताला जागा कुठली? मिसळीचा रस्साही सकाळपासून दुपारपर्यंत कोमटच. जंतूंना मानवणारं तापमान शहरात दुसरीकडे एवढं नेमानं राखलेलं मिळणार नाही.

रसायनशास्त्राला तेल आहे. तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, असा कायदा. मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, त्यामुळे ते कधी वर जात नाही. तेल काळं पडलं की त्यातच नवं ओततो. संस्थेच्या संचालक मंडळातही हीच पद्धत दिसते, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पॅकेजिंगचं म्हणाल, तर वडापाव अजून वर्तमानपत्रातच देतो. छपाईची शाई अन्नात उतरते, असं केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्येच बजावलंय. परवा एका वड्यावर आपल्या पदवीचीच जाहिरात उलटी उमटली होती. पोरानं ती वाचायच्या आत खाल्ली.

आता कायदा. १४ अंकी परवाना भिंतीवर आहे. मुदतीची तारीख कॅलेंडरखाली आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात नमुन्याचे चार भाग करायचे, विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा, असं सगळं आहे. तेवढ्या दिवसांत आमचा माल कधीच पचलेला असतो. न पचलेल्यांची नोंद आपल्या हजेरीपटावर मिळेल.

एक बातमी मात्र चांगली नाही. चहाला आलेले एक निवृत्त अधिकारी सांगत होते की अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला कोणती पदवी चालते, याची यादीच २०११ च्या नियमांत आहे: अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, कृषी वगैरे. आपल्या पदवीचं भारदस्त नाव त्यात बसतं का, हे प्रवेश सुरू करण्याआधी लेखी घ्या, म्हणाले. नाहीतर पोरं तीन वर्षं फी भरणार आणि अर्जाच्या खिडकीवरून परत येणार. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्न तंत्रज्ञानाचं कॉलेज १९७६ पासून आहे, काय काय लागतं ते एकदा जाऊन बघा, असंही ते म्हणाले. मी म्हटलं, साहेबांना प्रवास सोसत नाही.

आता दोनच विनंत्या. पोरांना नमुना घ्यायला शिकवाल, तेव्हा सुरुवात शेजारच्या कॉलेजच्या कॅन्टीनपासून करा. आणि मान्यतेची समिती येईल त्या दिवशी तिचं जेवण बाहेरून मागवा.

आपला विश्वासू,
कॅन्टीनचालक