माजी विद्यार्थ्यांसाठी संपर्क-नियमावली (मुक्ताईनगर तालुक्यापुरती)

मुक्ताईनगरात दवाखाना टाकला की डॉक्टर आपल्या कॉलेजचा ‘माजी’ होतो. कॉलेज धुळ्याचं, म्हणजे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असेल, तर ते दीडशेएक किलोमीटरवर पडतं. मुक्ताईची पालखी दर आषाढीला त्याहून कितीतरी लांबचं पंढरपूर पायी गाठते; हा मुद्दा कोणी काढल्यास ओपीडीची गर्दी दाखवावी. घरबसल्या संपर्कासाठी पुढील नियम पाळावेत.

१. ग्रुप : बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे सुविचार टाकावा. कोणी अवघड एक्स-रे टाकून मत विचारलंच, तर नमस्काराचे दोन हात पाठवून पुढचा सुविचार टाकावा.

२. फोन : “डॉक्टर, धुयाले तुमची वळख हाय ना?” असं पेशंटच्या भावाने विचारताच ठामपणे मान डोलवावी. मग रात्री दीडला कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरला फोन लावून आधी आपली बॅच सांगावी, मग बेड मागावा. आपण पास झालो तेव्हा तो जन्मला नव्हता, हे आवाजावरून कळतं. तरी बॅच सांगावीच.

३. चिठ्ठी : लेटरहेडवर सगळ्या पदव्या असाव्यात. मजकूर एवढाच : ‘पुढील उपचारांसाठी पाठवत आहे.’ रक्तदाब, दिलेली इंजेक्शनं, त्यांची वेळ वगैरे लिहू नये. नव्या पिढीला शोध घ्यायची सवय लागली पाहिजे.

४. स्नेहमेळावा : पंचवीस वर्षांनी फेटे बांधून जावं. व्हायवात रडवणाऱ्या सरांना शाल-श्रीफळ द्यावं. वॉटर कूलर भेट द्यावा. त्यावरचं बॅचचं नाव नळापेक्षा मोठं हवं. भाषणात डॉ. भाऊ दाजी लाड यांचा उल्लेख करावा : १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले, पुढे कुष्ठरोगावर औषध शोधत राहिले. टाळ्या घेऊन शेवभाजीकडे वळावं. अनुकरण ऐच्छिक आहे.

५. कायमचा संपर्क : शरीररचनाशास्त्र विभागात देहदानाचा अर्ज भरावा. राज्यात त्यासाठी १९४९ चा कायदा आहे. देह काही तासांत पोचावा लागतो. धुळं लांब वाटलं तर २०१८ साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय महाविद्यालय जवळ आहे. अर्जाची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी, विभागाचा नंबरही त्यांच्याकडे असावा. ऐनवेळी निर्णय त्यांच्याच हाती असतो. विद्यार्थ्यांच्या थेट उपयोगी पडण्याची आपली ही पहिलीच वेळ असेल. शिवाय ज्या ॲनाटॉमीतून दुसऱ्या प्रयत्नात सुटलो, तिथे या खेपेला नापास व्हायची भीती नाही.

पाचवा नियम अमलात यायला अवकाश आहे. तोवर डॉक्टरसाहेब, निदान चिठ्ठीत रक्तदाब तेवढा लिहीत जा.