उडून गेलेल्या दारूचे पैसे

जुनी कोन्यॅक घेणारा माणूस बाटलीत असलेल्या दारूचे पैसे देत नाही, नसलेल्या दारूचे देतो, असं माझं ठाम मत आहे. पश्चिम फ्रान्समधल्या कोन्यॅक गावाभोवती मुख्यतः उन्यी ब्लां जातीच्या द्राक्षांची पातळ, आंबट वाइन करतात. ती नुसतीच पुढे केली तर पाहुणा पुन्हा दारात उभा राहायचा नाही. तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळली की तिचा सुमारे ७० टक्के अल्कोहोलचा पाण्यासारखा नितळ अर्क होतो आणि तो ओकच्या पिंपात जातो. लाकडातून दरवर्षी साधारण २ टक्के ऐवज हवेत उडतो. फ्रेंच लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात आणि ही घट स्वर्गाच्या खात्यावर टाकून मालक निर्धास्त झोपतात. देवदूतांची ही मेजवानी लपत मात्र नाही. त्या वाफेवर पोसणारी बुरशी कोठारांच्या भिंती आणि कौलं काळीकुट्ट करून ठेवते. पन्नास वर्षांत निम्म्याहून अधिक पिंप असं हवेवर जातं, आणि जे उरतं त्याची किंमत गेलेल्याच्या हिशेबाने लागते.

यावर कोणी म्हणेल, मग जितकी जुनी तितकी उत्तम, प्रश्न मिटला! मिटत नाही. फार वर्षं लाकडात राहिली तर ब्रँडी कडवट, तुरट होते. म्हणून पन्नास-साठ वर्षांनी तिला काचेच्या मोठ्या बुधल्यांत हलवतात. काचेत वय थांबतं. आजोबांनी कपाटात जपलेली दहा वर्षांची कोन्यॅक नातवाच्या लग्नातही दहाच वर्षांची असते; म्हातारं होतं ते कपाट. गडद रंगावरूनही वय ताडू नये, कारण कॅरमेल घालायला कायद्याची परवानगी आहे. भरवसा ठेवायचा तर लेबलावरच्या अक्षरांवर. व्हीएस म्हणजे मिश्रणातला सर्वांत कोवळा अर्कही किमान २ वर्षं लाकडात राहिलेला, व्हीएसओपी म्हणजे ४ आणि एक्सओ म्हणजे २०१८पासून १० वर्षं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अक्रोड, अळंबी, ओली माती असले वास हुंगणाऱ्याच्या नाकात नसून खिशात असतात. ढोंगी लोक आहेत, नाकारत नाही. पण जुन्या कोन्यॅकमधला ‘रान्सियो’ नावाचा गंध ढोंग नव्हे. ब्रँडीतली स्निग्धाम्लं वर्षानुवर्षं हवेशी झटत राहतात, त्यातून तो तयार होतो. खोबऱ्याला खवट वास आला की आपण ते बिनदिक्कत फेकतो. फ्रान्समध्ये त्याच खवटपणाच्या चुलतभावाची दहा-पंधरा वर्षं वाट पाहतात आणि तो आला की किंमत वाढवतात. फरक इतकाच, की इथे बिघडण्यावर देखरेख असते.

हा गंध फुगीर ग्लासात सापडत नाही. त्यातून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं, आणि तळहाताने किंवा मेणबत्तीने ऊब दिली की आणखी जोरात. त्यापेक्षा निमुळत्या तोंडाचा ट्यूलिप ग्लास घ्यावा, थोडीच ओतावी, ग्लास आधी हनुवटीपाशी धरावा आणि मग सावकाश वर न्यावा. पहिला घोट घेण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबावं. ज्याला वीस मिनिटं थांबवत नाही, त्याने दुसऱ्याच्या पन्नास वर्षं थांबण्याचे पैसे मोजूच नयेत.